टीवायच्या प्रोजेक्टचा प्रश्न: नाशिकच्या एका केमिस्ट्री डिपार्टमेंटचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधल्या एका अनुदानित कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटचं आहे. कॉलेजचं नाव देत नाही, माणसांचीही नाही, आणि दोन-चार तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत म्हणजे कुणी ओळखत बसू नये. मी त्याच डिपार्टमेंटला शिकवतो, त्यामुळे सगळं जवळून बघितलंय, आणि माझी मतंही मधेमधे येणारच.

टीवायची, म्हणजे बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाची, बॅच साठेक पोरांची. शिकवणारे आम्ही सहा, त्यातले दोघं सीएचबीवर, म्हणजे त्यांना तासाचे पैसे मिळतात आणि प्रोजेक्टसाठी थांबले तर त्या वेळेचं काहीच नाही. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाश किती शोषला गेला त्यावरून पदार्थाचं प्रमाण सांगणारं यंत्र) एकच, तोही एमएस्सीवाल्यांच्या ताब्यात. शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट ४ क्रेडिटचा. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे कागदावर १२० तास, १५ आठवड्यांवर वाटले तर आठवड्याला ८ तास. एवढा वेळ खरंच दिला तर बीएस्सीच्या पोराकडून चांगलं काम होऊ शकतं. पण तो दिला जात नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

विषयांची यादी वर्षानुवर्षं तीच. गोदावरीच्या पाण्याचं विश्लेषण (रामकुंड, सोमेश्वर, तपोवन, ह्यातलं एक ठिकाण निवडा), द्राक्षबागेच्या मातीचा पीएच, चहातलं कॅफिन, तुळशीचा अर्क, आणि कुठलं तरी नॅनोपार्टिकल जे रंग बदलला म्हणून झालं असं मानायचं. फेब्रुवारी संपता संपता पोरं झेरॉक्सच्या दुकानात जायची, तिथं मागच्या वर्षांच्या फाइली पेन ड्राइव्हमध्ये तयार असायच्या, नाव आणि रोल नंबर बदलून सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग करून मिळायचं.

अडचण नेमकी कुठे होती

हे बाहेर आलं ते आमच्या लॅबच्या काकांमुळे. स्टोअरचं रजिस्टर त्यांच्याकडे असतं. एक दिवस स्टाफरूममध्ये चहा घेताना ते सहज बोलले, "मॅडम, यंदा पाण्याच्या प्रोजेक्टला सिल्व्हर नायट्रेट कुणी नेलंच नाही." सिल्व्हर नायट्रेट महाग, म्हणून ते कुलपात असतं आणि ग्रॅमाग्रॅमाची नोंद होते. पाण्यातलं क्लोराइड मोहर पद्धतीनं काढायचं तर ते लागतंच. फाइलींमध्ये तर क्लोराइडची टेबलंच्या टेबलं होती.

मग एचओडी मॅडमनी फाइली काढून नीट वाचायला घेतल्या. एका फाइलीत बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) २० अंशावर ५ दिवस ठेवून काढल्याचं लिहिलेलं. आपल्याकडं आयएस ३०२५ (पाणी तपासायच्या पद्धतींचं भारतीय मानक) च्या भाग ४४ प्रमाणे २७ अंशावर ३ दिवस करतात, आणि मुख्य म्हणजे आमच्या लॅबमध्ये बीओडी इनक्युबेटरच नाही! दुसऱ्या फाइलीत रामकुंडाचा नकाशा होता पण सॅम्पल घेतल्याची तारीख भर पावसाळ्यातली, जेव्हा हे सेमिस्टर सुरूसुद्धा झालेलं नव्हतं.

ह्यावर पहिली प्रतिक्रिया अपेक्षित तीच, पोरांना बोलवा, झापा, प्रोजेक्ट परत करायला लावा. एका सरांचं तर म्हणणं की सरळ नापास करायचं. माझं मत वेगळं होतं आणि अजूनही तेच आहे. 'गोदावरीच्या पाण्याचं विश्लेषण' हा विषय आहे, प्रश्न नाहीये. त्याचं उत्तर पोराला आधीच माहीत असतं (पाणी खराब आहे), गाइडला माहीत असतं, परीक्षकालाही माहीत असतं, मग खरंच बाटली घेऊन नदीवर कशाला जायचं? कॉपी करणं बरोबर नाहीच, पण ज्या कामातून काहीच नवीन कळणार नाही ते काम माणूस उरकूनच टाकतो. पहाऱ्यानं हे सुटणार नव्हतं, प्रोजेक्टच नव्यानं आखावा लागणार होता.

समोर असलेले पर्याय

दिवाळीच्या सुट्टीआधी मीटिंग झाली, लांबली, आणि चार गोष्टी टेबलावर आल्या.

पहिली, सगळ्यांना एमआयडीसीत पाठवायचं. सातपूर आणि अंबड हाताशी आहेत, पोरांना सर्टिफिकेट मिळतं, पालक खूश. पण साठ जागा देणार कोण? आणि आधी पाठवलेल्या काही पोरांचा अनुभव असा की एका छोट्या युनिटमध्ये त्यांना डब्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं आणि शेवटच्या दिवशी उत्तम कामाचं पत्र दिलं. शिवाय एनईपीत, म्हणजे नव्या शिक्षण धोरणात, ओजेटी (कामावरचं प्रशिक्षण) वेगळी धरलेलीच आहे, तेच परत प्रोजेक्ट म्हणून कशाला.

दुसरी, प्रत्येकाला स्वतंत्र विषय. मॅडमना हे मनापासून हवं होतं, त्यांचं म्हणणं रिसर्चची सवय अशीच लागते. तत्त्व म्हणून पटतं, पण साठ विषय म्हणजे साठ वेगवेगळ्या केमिकलच्या याद्या, साठ पद्धती, आणि एका गाइडकडे दहा पोरं दहा दिशांना. त्यातल्या आठांना शेवटी गाइड "मागच्या वर्षीचं बघून घे" असंच सांगणार, गाइडकडं वेळच नसतो.

तिसरी, लॅब नकोच, रिव्ह्यू लिहून घ्यायचा. हे पाच मिनिटांत बाद झालं, चॅटजीपीटीच्या जमान्यात ते एका संध्याकाळचं काम.

चौथी, आणि हीच शेवटी घेतली, सगळ्या बॅचला मिळून एकच प्रश्न द्यायचा, चार-चारचे ग्रुप, प्रत्येक ग्रुपची जागा वेगळी. ह्यावर आक्षेप लगेच आला की सगळ्यांचं सारखं असलं तर कॉपी आणखी सोपी. उलट आहे. पद्धत सारखी असली तरी प्रत्येकाच्या घरचं पाणी वेगळं, टाकी वेगळी, त्यामुळे आकडे सारखे आले तर लगेच डोळ्यात येतं. आणि शिकवणाऱ्या सहाजणांना एकच पद्धत नीट आली की पुरतं, हा मोठा फायदा.

आता प्रश्न कुठला? पोरांनी सुचवलेलं पहिलं नाव द्राक्षांवरच्या औषधांचं, निफाड-दिंडोरीची पोरं वर्गात भरपूर, घरची बाग, विषय जिव्हाळ्याचा. पण फवारणीचे अंश मोजायला जीसीएमएस किंवा एलसीएमएस लागतं, ते आमच्याकडं नाही, म्हणजे सॅम्पल बाहेर पाठवायचं आणि रिपोर्ट चिकटवायचा. वाइनमधलं आम्ल टायट्रेशननं काढता येतं, नाशिकला शोभूनही दिसतं, पण पालकांना काय सांगणार हा मुद्दा एका मॅडमनी काढला आणि सगळे हसून गप्प झाले. लासलगावच्या कांद्याचा तिखटपणा पायरुव्हिक आम्लावरून मोजतात, तो विषय मला स्वतःला फार आवडला होता, पण त्याला स्पेक्ट्रोफोटोमीटर सतत लागला असता.

शेवटी ठरलं क्लोरीन. शहरात नळाला येणारं पाणी क्लोरीन टाकून येतं. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, २०१२ ची आवृत्ती) म्हणतं की ग्राहकाच्या टोकाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन उरलेलं असावं. पण आपण नळाचं पाणी थेट पितो कुठे, ते आधी खालच्या टाकीत, मग मोटरनं गच्चीवरच्या टाकीत, मग घरात. तिथपर्यंत काय उरतं? आमच्यापैकी कुणालाही ठाम सांगता येईना, आणि तिथंच प्रश्न नक्की झाला. वाक्य असं लिहिलं: नळाला आलेल्या पाण्यातलं क्लोरीन घरच्या टाकीत किती तास टिकतं आणि ते कशामुळे लवकर जातं.

खेड्यावरून येणाऱ्या पोरांसाठी त्याचीच दुसरी फांदी काढली. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकतो. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतं आणि पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की ते घटत जातं. किती आणि किती दिवसांत, हे त्या पोरांनी मोजायचं.

काय केलं आणि कुठे अडलो

पहिला निर्णयाचा क्षण पहिल्याच आठवड्यात आला. पोरं मोठ्या हौसेनं सकाळी घरून बाटल्या भरून घेऊन आली, कुणी पंचवटीतून, कुणी सिडकोतून, कुणी नाशिकरोडहून सिटीलिंकच्या बसनं, बाटल्या बहुतेक कोल्ड्रिंकच्या, बॅगेच्या बाजूच्या जाळीत, उन्हात. अकराच्या प्रॅक्टिकलला मोजलं तर जवळपास सगळ्यांचं शून्य. आता क्लोरीन उन्हात आणि उघड्यावर उडून जातं, सॅम्पल घेतल्या घेतल्या मोजायचं असतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आधी सांगायचं का नाही ह्यावर स्टाफमध्ये दोन तट होते. सांगितलं असतं तर एक आठवडा वाचला असता. न सांगितल्यामुळे काय झालं की एका ग्रुपनं स्वतःहून लॅबच्याच नळाचं पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवलं, दुसरी बाटली कपाटात, आणि दर अर्ध्या तासानं मोजलं. तो अख्ख्या सेमिस्टरमधला पहिला खरा प्रयोग होता आणि तो कुणी सांगितलेला नव्हता. माझं मत, तो आठवडा वाया गेला नाही. पण वेळ इतकी घट्ट असताना असं एकदाच परवडतं.

म्हणजे मोजायचं घरीच. मग पद्धत कुठली? आमच्या हाताला बसलेली आयोडोमेट्री, म्हणजे क्लोरीननं मोकळं केलेलं आयोडीन थायोसल्फेटनं मोजायचं: पोटॅशियम आयोडाइड, स्टार्च, थायोसल्फेट, निळा रंग गेला की संपलं. इथं दुसरा निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात शिकवणारा. पोरांना फळ्यावर हिशोब करायला लावला. ०.०१ नॉर्मल थायोसल्फेटचं १ मिली म्हणजे साधारण ०.३५ मिलिग्रॅम क्लोरीन. पाणी घेतलं अर्धा लिटर, त्यात ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर क्लोरीन झालं ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ब्युरेटवर (द्रावण मोजून सोडायची रेघांची नळी) जेमतेम ०.२८ मिली. आणि ब्युरेटची सगळ्यात बारीक रेघ ०.१ मिलीची. तीन वर्षं ब्युरेट हाताळलेल्या पोरांनी तोपर्यंत हा प्रश्न स्वतःला विचारलेला नव्हता की माझं उपकरण एवढी छोटी गोष्ट बघू शकतं का? ब्युरेटच्या वाचनात एका रेघेची चूक झाली तर उत्तर तिसऱ्या हिश्श्यानं हलतं. वर्ग एकदम शांत झाला, मग मागून एकजण म्हणाला, "सर, मग आपण काल जे मोजलं ते काहीच नव्हतं?" टीसीएल पावडरीला मात्र हीच आयोडोमेट्री उत्तम, तिथं क्लोरीन भरपूर. तेव्हा फांदी दोन, पद्धती दोन.

नळाच्या पाण्याला डीपीडी घेतलं, हे क्लोरीन ओळखणारं रसायन, गोळ्यांमध्ये मिळतं. डीपीडी टाकलं की मुक्त क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, आणि मग फेरस अमोनियम सल्फेट, म्हणजे आपलं मोहर सॉल्ट, थेंबाथेंबानं टाकत गुलाबी घालवायचं. लिटरला १.१०६ ग्रॅम मोहर सॉल्ट घेतलं की १०० मिली पाण्याला लागलेला प्रत्येक मिली म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति लिटर, हिशोब तोंडी. ब्युरेटऐवजी मेडिकलमधून आणलेली १ मिलीची सिरिंज, सुई काढून, जिच्यावर ०.०१ मिलीच्या रेघा असतात. ०.२ म्हणजे वीस रेघा. घरी गच्चीवर उभं राहून करता येईल असं. मोहर सॉल्टचं एवढं पातळ द्रावण फार टिकत नाही म्हणून ते दर आठवड्याला नवीन करून डायक्रोमेटनं तपासायचं, हे काम पाळीपाळीनं ग्रुपवर टाकलं. सुरक्षेचा मुद्दा काकांनीच लावून धरला, घरी फक्त गोळ्या, सिरिंज आणि मोहर सॉल्टची छोटी बाटली जाणार, बाकी काही नाही, आणि गुलाबी झालेलं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही.

वहीबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. प्रत्येकाला पानांवर नंबर टाकलेली जाड वही, पेननं लिहायचं, खोडरबर नाही, चुकलं तर एक रेघ मारायची पण वाचता आलं पाहिजे, आणि गाइडची आठवड्याला सही. सिडकोतल्या एका मुलीच्या वहीतलं एक पान अजून आठवतं. सकाळी नळ, मग टाकी भरल्यावर लगेच, मग दोन-दोन तासांनी, तिसऱ्या रीडिंगवर आडवी रेघ आणि शेरा: "आजीने मोटर चालू केली, टाकीत नवीन पाणी पडले, हे रीडिंग धरू नये." मॅडमनी ते पान सगळ्या वर्गाला दाखवलं. आमच्या सोनेरी बाइंडिंगवाल्या फाइलींमध्ये आजपर्यंत एकाही आजीनं मोटर चालू केलेली नव्हती!

मधेच उठलेलं वादळ

एका ग्रुपला एका सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत क्लोरीन सापडेना, खाली नळाला मात्र व्यवस्थित येत होतं. त्यातल्या एकानं घरी सांगितलं, घरच्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, आणि दोन तासांत त्याचं "कॉलेजच्या तपासणीत आपलं पाणी पिण्यालायक नाही असं निघालं" असं झालं. सोसायटीचे चेअरमन दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये, त्यांना लेटरहेडवर लेखी पाहिजे होतं, एक तर पाणी चांगलं आहे असं नाहीतर खराब आहे असं, दोन्हीपैकी काहीही चालेल पण शिक्क्यासकट.

इथं डिपार्टमेंटनं घेतलेली भूमिका मला योग्य वाटते. लेखी काहीच द्यायचं नाही, कारण क्लोरीन शून्य म्हणजे पाणी दूषित असं होत नाही, फक्त संरक्षण उरलेलं नाही एवढंच कळतं, दूषित आहे का हे जंतूंच्या तपासणीवरून ठरतं आणि ती आम्ही केलेली नव्हती. पण नुसतं हात झटकून चाललं नसतं. त्या ग्रुपलाच सोसायटीत पाठवलं, सोबत एक मॅडम, आणि त्यांनी पार्किंगमध्ये उभं राहून लोकांसमोर नळाचं पाणी आणि टाकीचं पाणी दोन्हींत गोळी टाकून दाखवली, एक गुलाबी झालं, दुसरं नाही, आणि ह्याचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही ते सांगितलं. एका काकांनी विचारलं मग आम्ही उकळून प्यायचं का, पोरगी म्हणाली, "काका, टाकी शेवटची कधी धुतली ते आधी सांगा." कुणालाच सांगता येईना.

टाकी धुतली गेली. पोरांनी धुण्याआधीचं आणि नंतरचं असं दोन्ही मोजून ठेवलं. हा प्रयोग आम्ही आखलेला नव्हता, आयता मिळाला.

त्याच दिवशी नियम केला की वहीत आणि रिपोर्टात कुठलाही पत्ता नाही, जागांना अ, ब, क, आणि मोजलेलं काहीही घराबाहेर फॉरवर्ड करायचं नाही. हा नियम पहिल्या दिवशी असायला हवा होता, लोकांच्या घरातली गोष्ट मोजायला निघालो तर तो प्रोजेक्टच्या आखणीचाच भाग आहे.

मार्क आणि परीक्षा

आधी फाइलीलाच सगळं महत्त्व होतं. आता १०० पैकी ४० वहीला, ३० तोंडीला, २० रिपोर्टला आणि १० ग्रुपनं एकमेकांना द्यायचे. रिपोर्टला पानांची मर्यादा १२, बाइंडिंग नाही, स्टेपल चालेल. तोंडीला प्रत्येकानं एकट्यानं परीक्षकासमोर अनोळखी सॅम्पल मोजून दाखवायचं. झेरॉक्सवाल्याचं नुकसान झालं असेल, असो.

दोन ग्रुपनी आकडे घरबसल्या लिहिले होते. सापडलं कसं, तर एकाचे सगळे आकडे शून्य नाहीतर पाचवर संपणारे आणि वेळा बरोब्बर सहा, आठ, दहा. खऱ्या माणसाच्या वहीत ६.४० असतं, ८.१५ असतं. दुसऱ्याची गंमत अशी की त्यांनी नळाचं रीडिंग लिहिलेल्या दिवशी त्या भागात दुरुस्तीसाठी पाणीच बंद होतं, पेपरात बातमी होती. आता करायचं काय? नापास करा म्हणणारे सर परत उभे राहिले. शेवटी असं ठरलं की वहीचे निम्मे मार्क कापायचे आणि लॅबमध्ये बादलीवर क्लोरीन घटण्याचा प्रयोग आमच्यासमोर पूर्ण करायचा. मला ही शिक्षा बरोबर वाटली, कारण दोन्ही ग्रुपमधली पोरं रात्रपाळीला कामाला जाणारी होती, सकाळी सहाला गच्चीवर जाणं त्यांना जमणारच नव्हतं आणि आखणी करताना हे कुणी विचारलंच नव्हतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांना सुरुवातीला पटलं नाही. "फाइल कुठंय? इंट्रोडक्शन दोनच पानांचं?" रिपोर्टला त्यांनी हात आखडूनच मार्क दिले. पण तोंडीला एका मुलाला त्यांनी विचारलं की गुलाबी रंग गेल्यावर परत हळूहळू का येतोय, आणि त्यानं क्लोरामाइनबद्दल (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, डीपीडीला सावकाश रंग देतं) सांगितलं, म्हणून तर लगेच मोजायचं असतं म्हणाला. हा मुलगा आधीच्या सेमिस्टरला फिजिकल केमिस्ट्रीत एटीकेटीवाला, म्हणजे विषय राहिलेला. उलट वर्गातली टॉपर, जिचा रिपोर्ट खरंच सुंदर होता, ती सिरिंजसमोर अडखळली आणि तिचे मार्क कमी झाले. तिचे वडील भेटायला आले होते. त्यांना मार्कांची वाटणी पहिल्या आठवड्यातच नोटीस बोर्डावर लावलेली दाखवली, पण त्यांचं समाधान झालं असं म्हणता येणार नाही.

काय निघालं

अभ्यासाच्या बाजूनं बघितलं तर कायनेटिक्सचा (रासायनिक क्रियेच्या वेगाचा) धडा पहिल्यांदा कुणाला तरी कामाला आला. वेळेविरुद्ध क्लोरीनच्या लॉगॅरिथमचा आलेख काढला की फर्स्ट ऑर्डरला (जेवढं उरलंय त्याच्या प्रमाणात घटत असेल तर) सरळ रेघ यायला पाहिजे. बऱ्याच ग्रुपची सरळ आली पण सुरुवातीचे एक-दोन बिंदू रेघेच्या वरच राहिले, म्हणजे आधी भराभर घटतं आणि मग संथपणे. पोरांना वाटलं चुकलं. चुकलं नव्हतं, पाण्यात आणि टाकीच्या भिंतीवर जे पटकन क्लोरीन खाणारं असतं ते आधी संपतं, हे माहीत असलेलं आहे. बहुतेकांचा अंदाज होता की काळ्या टाकीत उन्हामुळे क्लोरीन जातं. मग एकीनं विचारलं की झाकण बंद असेल तर ऊन आत शिरतं कुठून? तिथून गाडी तापमान आणि तळाच्या गाळाकडे वळली. टाकी धुतलेल्या सोसायटीत क्लोरीन आधीपेक्षा जास्त वेळ टिकलं, आणि त्या ग्रुपनं रिपोर्टात शेवटी लिहिलं की एका टाकीवरून काही सिद्ध होत नाही, आणखी टाक्या धुऊन बघायला पाहिजेत. अख्ख्या बॅचमधलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच.

टीसीएलवाल्यांचं काम तितकं रंगलं नाही. पद्धत चोख होती, पण पोतं कधी उघडलं ह्याची नोंद बहुतेक ठिकाणी नव्हती, त्यामुळे वेळेचा अक्षच डळमळीत. ज्या दोघांनी स्वतः बंद पाकीट आणून अर्धं डब्यात आणि अर्धं उघडं ठेवलं, त्यांचंच काही सांगण्यासारखं झालं.

आणि सगळ्यांनी चांगलं काम केलं असं नाही. साधारण निम्मे ग्रुप मनापासून, काही ओढूनताणून, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एखादा नुसता फोटो काढणारा होताच. एकमेकांना मार्क देण्यात पोरांनी सरसकट दहापैकी दहा देऊन टाकले, तो भाग साफ फसला.

काय वेगळं करता येईल

वेळ. हे पाचव्या सेमिस्टरलाच सुरू व्हायला हवं, निदान पद्धत बसवणं आणि पहिलं फसणं तरी. सहाव्यात परीक्षा, प्रवेशाचे फॉर्म, गावाकडची लग्नं, मार्च कधी येतो कळत नाही.

जंतूंची बाजू सोडायला नको होती. मायक्रोबायोलॉजी डिपार्टमेंट एक मजला वर आहे, त्यांची टीवायची पोरं त्याच टाक्यांमधल्या पाण्यात कोलिफॉर्म (दूषितपणा दाखवणारे जंतू) शोधू शकतात, आणि मग चेअरमनना द्यायला खरं उत्तर असतं. ह्यावर बोलणं झालंय, दोन्हीकडचं टाइमटेबल जुळवणं हाच काय तो डोंगर.

ग्रुप मैत्रीवर पाडले होते, ते भागावर पाडायला पाहिजेत. मुलींना संध्याकाळी दुसऱ्याच्या गच्चीवर जायला घरून परवानगी नसते, कामावर जाणाऱ्या पोरांना सकाळ मिळत नाही. अशांसाठी लॅबमध्येच दोन बादल्या, एक गाळवाली आणि एक स्वच्छ, असा समांतर प्रयोग पहिल्यापासून ठेवला तर कुणाला आकडे बनवायची गरज पडणार नाही.

एकमेकांचे १० मार्क काढून त्याजागी प्रत्येकानं वहीतल्या एका बाद रीडिंगबद्दल पानभर लिहायचं, असा प्रस्ताव मी ठेवलाय. मॅडमना तो पटलाय, नापासवाल्या सरांना नाही.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, दुसऱ्या वर्षी हाच विषय दिला तर मागच्या वह्या झेरॉक्सच्या दुकानात पोचणारच. विषय दरवर्षी बदलला तर पद्धत बसवायची मेहनत दरवर्षी नव्यानं. म्हणून यंदा जुन्या वह्या लपवायच्याच नाहीत असं ठरलंय. नवीन बॅचला त्या उघड देणार, प्रत्येक ग्रुपनं त्यातलं एक पान निवडायचं, शक्य असेल तर तीच टाकी, तीच वेळ, आणि परत मोजायचं. जुळलं तर पुढचा प्रश्न स्वतः मांडायचा, नाही जुळलं तर का नाही ते शोधायचं, तोच त्यांचा प्रोजेक्ट. ग्रुपची यादी लागलीय, डीपीडीची ऑर्डर गेलीय, आणि सिरिंजांचं बिल कुठल्या हेडखाली टाकायचं ह्यावर ऑफिसात फाइल अडकलीय.